‘नॅशनल-एको’ रेडिओ नेमका कोणी बनवला? निर्मात्याचा इतिहास शोधण्यासाठी मदत हवी आहे

अर्जुनाकाठ यांचा प्रश्न:

नमस्कार. राजापूर तालुक्यातील आमच्या जुन्या घराची डागडुजी चालू असताना माळ्यावरून व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, एक रेडिओ खाली काढला. लाकडी पेटी, समोर सोनेरी धाग्याचे जाड कापड, खाली फिरवायची चार बटणे आणि काचेच्या डायलवर ‘नॅशनल-एको’ ही अक्षरे, एवढे शाबूत आहे. मागचा पुठ्ठा मात्र वाळवीने अर्धा खाल्ला असून, ज्या भागावर मॉडेल क्रमांक आणि निर्मात्याचा पत्ता असावा तोच भाग नाहीसा झाला आहे.

या रेडिओविषयी घरात तीन मते आहेत. थोरले काका म्हणतात की तो विलायती आहे. आत्याच्या मते, ‘नॅशनल’ नाव असल्यामुळे तो जपानी असला पाहिजे. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांना तो टाटांचा रेडिओ म्हणून आठवतो. मला तो विकायचा नाही. आमच्या घराण्याची जी माहिती मी लिहून काढत आहे, तिच्यात या वस्तूची नोंद पुराव्यासह करायची आहे. ही कंपनी कोणाची होती, ती केव्हापासून केव्हापर्यंत रेडिओ बनवत होती आणि हा विशिष्ट सेट साधारण कोणत्या वर्षांतला असावा, हे शोधण्याचा मार्ग कृपया सांगावा. मर्फी, बुश आणि फिलिप्स यांच्याविषयी पुष्कळ वाचायला मिळते, पण या नावाविषयी सलग असे काहीच हाती लागत नाही.

---

जुने कागद यांचा प्रतिसाद:

आपल्या शेजाऱ्यांची आठवण बरोबर आहे, आणि काकांचे म्हणणेही अगदीच निराधार नाही. नॅशनल-एको रेडिओ अँड इंजिनिअरिंग कंपनी ही मुंबईची, टाटा समूहातली कंपनी. तीच पुढे नेल्को या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि नवी मुंबईतील महापे येथे ती आजही चालू आहे, मात्र तिचे आजचे काम उपग्रहाद्वारे दळणवळणाचे आहे. चालू असलेल्या कंपनीचा इतिहास शोधताना एक सोय अशी होते, की कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदीत तिचा एकवीस अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक सापडतो आणि त्या क्रमांकातच राज्य आणि स्थापनेचे वर्ष गुंफलेले असते. नेल्कोच्या क्रमांकात महाराष्ट्राची ‘एमएच’ ही अक्षरे आहेत आणि त्यांना लागून १९४० हे वर्ष आहे. नाव कितीही वेळा बदलले तरी हे वर्ष बदलत नाही, म्हणून जुन्या कंपनीचा माग काढताना मी नेहमी तेथूनच सुरुवात करतो.

आता ‘एको’ या भागाकडे वळू. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातील साउथएंड-ऑन-सी येथे एरिक कर्कहॅम कोल हे तरुण गृहस्थ १९२०च्या दशकात रेडिओचे काम करत असत. त्या काळी रेडिओ बॅटरीवर चालायचा आणि बॅटरीचा खर्च व दगदग लोकांना नकोशी झालेली होती. वृत्तपत्रांत लेखन करणारे विल्यम व्हेरेल्स यांच्याबरोबर कोल यांनी घरातल्या विजेवर रेडिओ चालवण्याचे साधन बाजारात आणले आणि त्यातून ई. के. कोल लिमिटेड उभी राहिली. त्यांच्या आद्याक्षरांवरून आणि आडनावाच्या सुरुवातीवरून एको हे नाव पडले. १९३४ साली वेल्स कोट्स या वास्तुरचनाकाराने रेखाटलेला त्यांचा ‘एडी-६५’ हा वाटोळा बेकेलाइटचा सेट आज जगभरच्या वस्तुसंग्रहालयांत मांडलेला आहे. १९६० साली एको आणि केंब्रिजची ‘पाय’ (Pye) या कंपन्या एकत्र आल्या आणि १९६७ साली तो सगळा समूह फिलिप्सकडे गेला.

१९४० हे वर्ष येथे लक्षात घेण्याजोगे आहे. महायुद्धामुळे इंग्लंडमधील रेडिओचे कारखाने लष्करी कामाला जुंपले गेले होते. एकोने तर विल्टशायरमधील माम्सबरी येथे विमानांत बसवायच्या रडारचे उत्पादन हाती घेतले होते. ज्या वर्षी मुंबईत ही कंपनी नोंदली गेली, त्या वर्षी विलायतेहून घरगुती सेट येण्याचा ओघ आटत चालला होता, हा संदर्भ आपल्या नोंदीत अवश्य असावा.

आत्यांचे मत मात्र सोडून द्यावे लागेल. जपानच्या मात्सुशिता कंपनीने ‘नॅशनल’ हे नाव १९२७ साली प्रथम सायकलच्या दिव्यासाठी वापरले आणि पुढे आपल्याकडे ते फार लोकप्रिय झाले, त्यामुळे हा गोंधळ कित्येक घरांत होतो. मुंबईच्या या कंपनीशी त्याचा संबंध नाही.

---

तांब्याची जाळी यांचा प्रतिसाद:

कंपनीविषयी वर उत्तम माहिती आली आहे. मी सेटविषयी लिहितो, कारण मागचा पुठ्ठा गेला तरी चेसिस, म्हणजे सगळे भाग बसवलेला आतला धातूचा सांगाडा, पुष्कळ काही सांगते.

प्रथम विनंती अशी की, हा रेडिओ कोणत्याही परिस्थितीत थेट विजेला जोडू नये. इतकी वर्षे बंद पडलेल्या सेटमधील कागदी कंडेन्सर हमखास गळके झालेले असतात आणि ते बदलल्याशिवाय वीज दिली तर आउटपुट व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही जळू शकतात. शिवाय एसी-डीसी, म्हणजे दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारा, सेट असेल तर त्याची चेसिस थेट विजेच्या तारेला जोडलेली असते, तेव्हा तिला हात लागणे जिवावर बेतू शकते.

वीज न देताही व्हॉल्व्ह पाहता येतील. प्रत्येकाच्या काचेवर पुसट अक्षरे असतात. काच कापडाने पुसू नका, ती अक्षरे लगेच जातात. त्याऐवजी बाजूने विजेरीचा प्रकाश टाका. अक्षरांपेक्षा व्हॉल्व्हचे बूड अधिक विश्वासू साक्षीदार आहे, कारण व्हॉल्व्ह बदलला जातो पण त्याचा सॉकेट सहसा बदलला जात नाही. काळ्या बुडाचे, आठ जाड पिना आणि मधोमध खुंटी असलेले ऑक्टल सॉकेट असतील तर सेट जुन्या धाटणीचा, साधारण १९४०च्या दशकातला असू शकतो. काचेच्या तळाशी धातूची कडी आणि तिच्या बाजूला छोटा उंचवटा असलेले रिमलॉक व्हॉल्व्ह १९४०च्या दशकाच्या अखेरीस आले. थेट काचेतून निघालेल्या नऊ बारीक पिनांचे व्हॉल्व्ह असतील, म्हणजे ईसीएच-८१, ईएफ-८९, ईबीसी-८१, ईएल-८४ आणि ईझेड-८० अशी ओळखीची पंगत असेल, तर सेट १९५०च्या दशकाच्या मध्यानंतरचा समजावा.

पहिले अक्षरही पाहावे. ‘ई’ असेल तर ट्रान्सफॉर्मरवरचा एसी सेट, ‘यू’ असेल तर एसी-डीसी, आणि ‘डी’ असेल तर कोरड्या बॅटरीवरचा. कलकत्त्याच्या काही भागांत डीसी वीज बराच काळ होती, म्हणून एसी-डीसी सेटला गिऱ्हाईक असे. बॅटरीचे सेट वीज नसलेल्या गावांसाठी असत. येथे आपल्या घराण्याच्या दृष्टीने एक महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. सेट ‘ई’ मालिकेचा निघाला आणि आपल्या गावात वीज त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली असेल, तर तो रेडिओ विकत घेतला तेव्हा राजापूरला नव्हताच. तो कोठे होता, हे शोधावे लागेल.

आपल्या सेटमध्ये आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. त्या काळच्या जाहिरातींत नॅशनल-एको आपले सेट ‘मॉन्सूनाइज्ड’ असल्याचे ठळकपणे सांगत असे. दमट हवेत कॉइलच्या बारीक तारांना हिरवा गंज चढतो, कागदाचे आवरण पाणी ओढून घेते आणि मधल्या टप्प्यांचे ट्रान्सफॉर्मर आपली ठरलेली कंपनसंख्या सोडून देतात. त्यावर उपाय म्हणून कॉइल आणि ट्रान्सफॉर्मर मेणात किंवा वॉर्निशमध्ये मुरवले जात. चेसिसच्या खालच्या बाजूस कॉइलवर पिवळट मेणाचा थर दिसतो का, ते पाहावे. विलायतेतील हवेसाठी बनवलेल्या साध्या सेटपेक्षा या सेटचा कोकणातल्या माळ्यावर टिकाव का लागला, याचे उत्तर त्या थरात असू शकते.

डायलची काच नीट वाचा. लघुलहरींचे आकडे मीटरमध्ये आहेत का, आणि त्याखेरीज मेगासायकल लिहिले आहे की मेगाहर्ट्झ? हर्ट्झ हे एकक १९६० साली आंतरराष्ट्रीय पद्धतीत स्वीकारले गेले आणि डायलवर ते रुळायला आणखी काही वर्षे गेली, त्यामुळे सायकलवाला डायल सहसा जुना असतो.

---

अर्जुनाकाठ यांची पूरक माहिती:

आपण दोघांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभार. सांगितल्याप्रमाणे सेट विजेला न जोडता पाहिला.

सगळे सॉकेट नऊ पिनांचे आहेत. ईसीएच-८१, ईबीसी-८१ आणि ईझेड-८० ही अक्षरे स्पष्ट वाचता आली. ईएल-८४ वर मात्र इतरांसारखे परदेशी चिन्ह नसून ‘बीईएल’ असे आहे. एका कोपऱ्यात मॅजिक आय (केंद्र नीट लागले का ते उजळून दाखवणारा व्हॉल्व्ह) आहे, त्याची अक्षरे गेली आहेत. कॉइलवर मेणाचा थर आहे, त्यात धूळ रुतून तो जवळजवळ तपकिरी झाला आहे. डायलवर मीटर आणि मेगासायकल असे दोन्ही आहे, आणि ४१ मीटरच्या पट्ट्यावर कोणीतरी काचेला बाहेरून लाल रंगाचा बारीक ठिपका लावलेला आहे.

गावात वीज आली ती या घराच्या आठवणीप्रमाणे १९६०च्या दशकाच्या बऱ्याच नंतर. आजोबा त्या काळी मुंबईत गोदीत नोकरीला होते आणि गिरगावातील चाळीत राहत. हे लक्षात आल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडून पाहिली. तिच्यात एका दुकानाच्या पावतीचा तुकडा मिळाला. तारखेचा कोपरा फाटला आहे, पण दुकानाच्या पत्त्यात ‘मुंबई ४’ आहे आणि रकमेच्या रकान्यावर ‘रुपये’ आणि ‘न. पै.’ (नये पैसे) असे छापलेले आहे. पेटीच्या आतल्या बाजूस कागदाची एक पट्टी चिकटवलेली असून तिच्यावर ‘जनरल रेडिओ अँड अप्लायन्सेस’ एवढे नाव वाचता येते. आता ही आणखी कोणती कंपनी? जनरल रेडिओ नावाची कंपनी अमेरिकेतली असल्याचे मला आंतरजालावर दिसले, त्यामुळे पुन्हा संभ्रम झाला आहे.

---

मुद्रांक यांचा प्रतिसाद:

आपल्याला मिळालेली पट्टी फार मोलाची आहे, ती काढू नये. अमेरिकेतील जनरल रेडिओ ही १९१५ साली मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झालेली मोजमापाची उपकरणे बनवणारी कंपनी, तिचा येथे संबंध नाही. जनरल रेडिओ अँड अप्लायन्सेस ही आपल्याकडची कंपनी असून नॅशनल-एको रेडिओंच्या जाहिरातींखाली वितरक म्हणून तिचे नाव छापलेले असे. बनवणारी एक आणि विकणारी दुसरी, अशी ही जोडी होती.

या जोडीचे पुढे काय झाले, हे मला कोणत्याही रेडिओविषयक लेखनात न सापडता सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालपत्रात सापडले. आंध्र प्रदेशातील एक जागा जनरल रेडिओने १९५९ साली भाड्याने घेतली होती. नंतर मुंबई उच्च न्यायालयाने कंपनी कायद्याखाली, २७ मार्च १९६८च्या आदेशाने, जनरल रेडिओचे नॅशनल-एकोमध्ये विलीनीकरण मंजूर केले आणि जनरल रेडिओचे स्वतंत्र अस्तित्व संपले. घरमालकाने दावा लावला की, मूळ भाडेकरू आता राहिलेला नाही आणि माझ्या लेखी संमतीशिवाय जागा दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली आहे. कंपन्यांचे म्हणणे असे होते की, विलीनीकरण न्यायालयाच्या आदेशाने झाले असल्यामुळे याला कोणी स्वतःहून केलेले हस्तांतर म्हणता येणार नाही. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने घरमालकाच्या बाजूने निकाल दिला. विलीनीकरणाची मागणी कंपन्यांनीच केली होती आणि त्यामुळे भाडेहक्क एका कंपनीकडून दुसरीकडे गेला, असे न्यायालयाने धरले. कंपनी कायदा शिकवताना आजही हा निकाल हमखास सांगितला जातो, पण तो एका रेडिओ कंपनीच्या चरित्राचा दस्तऐवज म्हणून कोणी वाचत नाही. विस्मृतीत गेलेल्या कोणत्याही निर्मात्याचा शोध घेणाऱ्याने भाडे, कर, कामगार आणि विलीनीकरण यांचे जुने निकाल अवश्य चाळावेत. वाद निर्माण झाला की दोन्ही पक्षांना तारखा, नावे आणि करार न्यायालयापुढे मांडावे लागतात, आणि जाहिरातीत जे कधीच येत नाही ते निकालपत्रात नोंदले जाते.

यातून आपल्या सेटपुरता निष्कर्ष असा निघतो की, वितरक म्हणून जनरल रेडिओचे नाव असलेली पट्टी १९६८च्या आधीची आहे. दुसरी मर्यादा पावती देते. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी सुरू झाली आणि ‘नया’ हे विशेषण १९६४च्या जूनपासून अधिकृतपणे गळले. छापील पावतीपुस्तके दुकानदार संपेपर्यंत वापरत, त्यामुळे वरची मर्यादा वर्षभराने पुढे धरावी, परंतु खालची मर्यादा पक्की आहे. ‘मुंबई ४’ हा टपाल विभागाचा जुना क्रमांक गिरगावचाच आहे. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, त्यामुळे तो नसणेही याच्याशी जुळते. आपल्या आजोबांनी हा रेडिओ १९५७ ते १९६५च्या दरम्यान गिरगावात घेतला, असे आपण निश्चिंतपणे लिहू शकता.

---

तांब्याची जाळी यांचा प्रतिसाद:

नऊ पिनांचे सॉकेट आणि मेगासायकलचा डायल या दोन्ही गोष्टी मुद्रांक यांनी ठरवलेल्या कालखंडात चपखल बसतात. ‘बीईएल’च्या व्हॉल्व्हविषयी एवढेच सांगतो की, बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने रेडिओचे व्हॉल्व्ह १९६०च्या दशकाच्या सुरुवातीस बनवायला घेतले. बाकीचे व्हॉल्व्ह परदेशी आणि आउटपुटचा तेवढा देशी, यावरून तो नंतर बदललेला दिसतो. ईएल-८४ सर्वांत जास्त तापतो आणि बहुधा तोच प्रथम थकतो. सेटचे वय ठरवताना तो व्हॉल्व्ह बाजूला ठेवावा, पण हा रेडिओ भरपूर ऐकला गेला आणि त्याची दुरुस्तीही झाली, याचा तो पुरावा आहे. ४१ मीटरवरचा लाल ठिपका बहुधा रेडिओ सिलोनसाठी असावा, कारण सिलोनचे हिंदी कार्यक्रम त्या पट्ट्यावर ऐकले जात आणि लघुलहरींवर केंद्र नेमके सापडणे कठीण असे.

---

जुने कागद यांचा प्रतिसाद:

मुद्रांक यांनी दिलेला निकाल मी आधी वाचलेला नव्हता. त्यामुळे नावाच्या बदलाचा काळही बराच स्पष्ट होतो. १९६८च्या आदेशात नॅशनल-एको हे नाव आहे, आणि १९७१ साली रतन टाटा ज्या कंपनीचे प्रभारी संचालक झाले तिचा उल्लेख नॅशनल रेडिओ अँड इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे नेल्को, असा होतो. इंग्लंडमधील एको फिलिप्सच्या छत्राखाली जाण्याचे वर्ष १९६७, हेही शेजारीच ठेवून पाहावे. रतन टाटांकडे कंपनी आली तेव्हा घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात तिचा वाटा सुमारे २ टक्क्यांवर आलेला होता, यावरून आजच्या पिढीला हे नाव का ठाऊक नाही तेही कळते.

अर्जुनाकाठ, ट्रंकेत आणखी एक गोष्ट शोधावी. रेडिओ बाळगण्यासाठी त्या काळी परवाना लागत असे. भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा १९३३ सालचा, आणि परवाना टपाल कचेरीतून दरवर्षी नवा करून घ्यावा लागे. त्याच्या लहान पुस्तिकेत तिकिटे चिकटवून शिक्के मारलेले असतात. मी पाहिलेल्या काही पुस्तिकांत सेटची बनावट आणि क्रमांकही लिहिलेला होता. आजोबांची पुस्तिका मिळाली तर पुठ्ठ्याबरोबर गेलेला मॉडेल क्रमांकही कदाचित परत मिळेल, आणि शिक्क्यांवरील टपाल कचेरीच्या नावावरून रेडिओ गिरगावातून राजापूरला कोणत्या वर्षी आला हेसुद्धा कळेल.

ती न मिळाल्यास जाहिरातींवरून मॉडेल ओळखण्याचा मार्ग उरतो. आकाशवाणीचे ‘द इंडियन लिसनर’ हे इंग्रजी नियतकालिक १९३५च्या डिसेंबरात सुरू झाले आणि १९५८पासून ‘आकाशवाणी’ या नावाने निघू लागले. त्याचे पुष्कळ अंक आंतरजालावर चित्ररूपात उपलब्ध आहेत आणि त्यांत रेडिओ कंपन्यांच्या जाहिराती चित्रांसह आहेत. मराठीत ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ या मासिकांचे जुने अंक व त्या वर्षांचे दिवाळी अंक पाहावेत. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय त्यासाठी सोयीचे आहे. दिवाळीच्या सुमारास नवी मॉडेले बाजारात येत, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरचे अंक आधी मागवावेत. टाटा समूहाचे जुने कागद पुण्यातील टाटा सेंट्रल आर्काइव्ह्जमध्ये जतन केलेले आहेत. तेथे पत्र लिहिताना नेल्को हे आजचे नाव आणि नॅशनल-एको हे जुने नाव अशी दोन्ही द्यावीत, आणि १९५७ ते १९६५ हा कालखंड कळवावा, म्हणजे शोधणाऱ्याचे काम सोपे होईल.

जाहिरातीतील चित्राशी ताडून पाहण्यासाठी डायलचे स्वच्छ छायाचित्र लागेल. ते आधी घ्या आणि काचेची साफसफाई मग करा, कारण केंद्रांची नावे काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेली असतात आणि ओले फडके लागले की ती सालीसारखी सुटून येतात. मागची बाजू मऊ कोरड्या ब्रशने झटकली तरी पुरे.